निकेल आणि तांबे : 'सारखे' या शब्दाची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या माणसाने निकेलच्या ऑक्साइडांवर बोलायचे हा आगाऊपणा आहे, असे काही जणांना वाटेल. वाटू द्या. पदार्थविज्ञानातले गणित शिकवायला आम्ही इथे बसलेलो नाही. आम्ही हे पेपर वाचतो ते युक्तिवाद म्हणून वाचतो. कोणते विधान कशावर उभे आहे, मधली पायरी आहे की उडी मारली आहे, कोणत्या शब्दावर किती ओझे टाकले आहे, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. निकेलेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांवर २०१९ पासून जे लिहून आले आहे, त्यात एका साध्या शब्दावर फार ओझे आहे. तो शब्द 'सारखे'. निकेलेट हे ताम्र-ऑक्साइडांसारखे आहेत. आजचे बोलणे या एका वाक्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटे सोसावे. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांचा विद्युतरोध शून्य होतो. कमी होत नाही, शून्यच होतो. इलेक्ट्रॉन जोडीजोडीने एका तालात चालू लागतात. ही अतिसंवाहकता. ती १९११ पासून ठाऊक आहे, आणि साध्या धातूंमध्ये या जोड्या कशा जमतात ते १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितले. पंचाईत झाली १९८६ साली. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडात, म्हणजे चिनीमातीसारख्या ठिसूळ पदार्थात, ३० केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका ताम्र-ऑक्साइडाने ९० केल्व्हिन ओलांडले. द्रव नायट्रोजन ७७ ला उकळतो, त्याच्याही वर. तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षे झाली. ताम्र-ऑक्साइडात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेमके कोण जुळवते, यावर अजून एकमत नाही.

का नाही? कारण त्या पदार्थात सगळ्याच विशेष गोष्टी एकदम हजर असतात. तांबे आणि ऑक्सिजन यांचे चौकोनी जाळे, एकावर एक रचलेले थर. प्रत्येक तांब्यावर नऊ डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे दहाच्या पंगतीत एक पाट रिकामा. त्या एकट्या इलेक्ट्रॉनाचे चुंबकत्व, शेजारी-शेजारी उलटसुलट लावलेले. मूळ पदार्थ विद्युतरोधक. तांबे आणि ऑक्सिजन यांची ऊर्जा इतकी जवळ की दोघांचे इलेक्ट्रॉन मिसळून जातात. आता यातले कारण कोणते आणि नुसते सोबत आलेले कोण? वरातीत सगळ्यांनीच मुंडावळ्या बांधल्या असतील तर नवरदेव ओळखायचा कसा?

दुसरी वरात हवी. तिच्यात काही मंडळी असावीत, काही नसावीत. निकेलचे महत्त्व इथे आहे, आणि आमच्या मते फक्त इथेच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते याच्या उलट दिशेने घडले.

आवर्त सारणीत तांब्याच्या अलीकडचे घर निकेलचे. तांब्याला २९ इलेक्ट्रॉन, निकेलला २८. तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन काढले की डी-कवचात नऊ उरतात. निकेलचा एकच काढला की तिथेही नऊ. मग निकेलला एकच धनभार देऊन त्याच चौकोनी जाळ्यात बसवले तर? हिशेब सोपा आहे. निओडिमियमचे धन तीन, दोन ऑक्सिजनांचे ऋण चार, तेव्हा निओडिमियम-निकेल-ऑक्सिजन-दोन या संयुगात निकेलच्या वाट्याला धन एक येते. १९९९ साली अनिसिमोव्ह, बुखवालोव्ह आणि राइस यांनी हा विचार मांडला. त्यांचे म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. निकेलला सपाट चौकोनात बसवून या अवघड अवस्थेत आणले, तर ताम्र-ऑक्साइडासारखा चुंबकी विद्युतरोधक मिळू शकेल, आणि त्यात इलेक्ट्रॉनांची थोडी तूट निर्माण केली तर पुढचेही साम्य मिळेल.

इथे आमच्या घरची एक गोष्ट आठवते. नैयायिकांचे उपमान. शहरातल्या माणसाला रानातला माणूस सांगतो, गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो. हा रानात जातो, गाईसारखा प्राणी दिसतो, आणि त्याला कळते की 'गवय' म्हणतात तो हाच. बस्स. उपमानाने एवढेच ज्ञान होते, नाव आणि नावाचा धनी यांची गाठ. गवय दूध किती देतो, नांगराला चालतो का, हे उपमानातून निघत नाही. ते जाऊन बघावे लागते. नैयायिकांनी साम्याला प्रमाण मानले, पण त्याच्या खांद्यावर एवढेच ओझे ठेवले. १९९९ चा पेपर या अर्थाने चांगले उपमान होते. कुठे शोधायचे ते त्याने सांगितले.

२००४ साली ली आणि पिकेट यांनी लँथॅनमच्या अशाच निकेलेटची इलेक्ट्रॉन-रचना गणिताने काढली. त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच निकाल आहे: एक धनभाराचे निकेल म्हणजे दोन धनभारांचे तांबे नव्हे. शीर्षकात 'नव्हे' लिहायला धाडस लागते. आजकाल सगळे जण 'संभाव्य' आणि 'सूचक' लिहितात. त्यांनी दाखवलेले फरक मुळातले होते. निकेलच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन कमी, म्हणून त्याचे डी-इलेक्ट्रॉन जरा सैल बांधलेले, ऊर्जेच्या शिडीवर वरच्या पायरीवर. ऑक्सिजनची पायरी खाली. तांबे आणि ऑक्सिजन एका अंगणातले शेजारी, तर निकेल आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये रस्ता. दुसरा फरक जास्त गमतीचा आहे. दोन थरांच्या मधे बसलेल्या लँथॅनमचे स्वतःचे एक रिकामे पट्टे असतात. ताम्र-ऑक्साइडात असले पट्टे उंचावर राहतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इथे ते खाली वाकून फर्मी पातळीला, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाला, छेदतात. परिणामी निकेलचे काही इलेक्ट्रॉन तिकडे ओघळतात. बाहेरून काही न मिसळताच पदार्थात तूट तयार.

मग ऑगस्ट २०१९. स्टॅनफर्डमध्ये हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटाने, पहिले लेखक डॅनफेंग ली, निओडिमियम निकेलेटच्या पातळ फिल्ममध्ये वीस टक्के निओडिमियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले आणि ९ ते १५ केल्व्हिनमध्ये अतिसंवाहकता दाखवली. करामत रसायनात होती. आधी जास्त ऑक्सिजनचा स्थिर पदार्थ वाढवायचा, मग कॅल्शियम हायड्राइडबरोबर हलकेच तापवून प्रत्येक निकेलच्या वरचा-खालचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. उतरंडीतली ठरावीक मडकी अलगद काढायची आणि उतरंड ढासळू द्यायची नाही. त्या हातांना आमचा नमस्कार. वीस वर्षांचे भाकीत खरे झाले, असे सगळीकडे लिहून आले.

आता आमची तक्रार इथे सुरू होते. भाकीत खरे झाले म्हणजे काय झाले? प्रमाणशास्त्रात एक जुना प्रसंग आहे. डोंगरावर धुके आहे. पाहणाऱ्याला तो धूर वाटतो. तो म्हणतो, तिथे आग आहे. आणि योगायोग असा की डोंगरावर खरोखरच आग असते. त्याला आगीचे ज्ञान झाले का? श्रीहर्षाने बाराव्या शतकात असल्या प्रसंगांवर नैयायिकांना पुरेसे छळले आहे. पश्चिमेत गेटियरने १९६३ साली तीन पानांत हाच प्रश्न विचारला आणि अजून लोक त्यावर लिहीत आहेत. १९९९ च्या तर्कात आगीपर्यंत जाणारी वाट होती: आधी विद्युतरोधक, आधी चुंबकी रचना, मग तूट, मग साम्य. प्रत्यक्षात मूळ निकेलेट विद्युतरोधक निघाले नाही. ते एक वाईट प्रतीचे धातू आहे, खूप थंड केले की ज्याचा रोध पुन्हा थोडा वाढतो. ताम्र-ऑक्साइडांत असते तशी दूरवर पसरलेली चुंबकी रचनाही त्यात सापडलेली नाही. म्हणजे निष्कर्ष मिळाला, वाटेतले टप्पे मिळाले नाहीत. तो धूर होता की धुके होते, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. काहींनी विचारला. बऱ्याच जणांनी फक्त आग मोजली.

गंमत म्हणजे २००४ चा पेपर त्यानंतर दोन्ही बाजूंनी उद्धृत होऊ लागला. एका बाजूला, 'नव्हे' म्हणणारे हरले. दुसऱ्या बाजूला, बघा, फरक आधीच सांगितले होते. एकच मजकूर पराभव आणि विजय दोन्हींचा पुरावा होतो तेव्हा समजावे की वाद कशावर आहे तेच ठरलेले नाही.

२०२० सालच्या तीन पेपरांकडे बघू. हेप्टिंग आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी मूळ पदार्थ तपासला. त्यांना दिसले ते असे: निकेलचे सपाट, एकमेकांशी भांडणारे इलेक्ट्रॉन, आणि त्यांना जोडलेला, तिन्ही दिशांना पसरलेला दुर्मीळ मृदेचा धातूपट्टा. ताम्र-ऑक्साइडात बाहेरून आणलेली तूट मुख्यतः ऑक्सिजनवर बसते. इथे ऑक्सिजनचा वाटा बराच कमी. बोटाना आणि नॉर्मन यांनी दोन्ही पदार्थ शेजारी ठेवून मोजले. ऑक्सिजन आणि धातू यांच्यातले ऊर्जेचे अंतर तांब्यात सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, निकेलमध्ये सुमारे ४.४. त्यांच्या शीर्षकात साम्ये आणि भेद दोन्ही शब्द आहेत, आणि मजकुरातही दोघांना जागा मिळाली आहे. आमच्या मते या विषयावरचे ते सर्वांत प्रामाणिक लेखन.

तिसरा पेपर व्हिएन्नाच्या हेल्ड यांच्या गटाचा, कितातानी पहिले लेखक. त्याच्या शीर्षकात एक-पट्टा हबर्ड प्रतिमानाचे पुनरुज्जीवन झाल्याची घोषणा आहे. युक्तिवाद असा: निओडिमियमचे पट्टे म्हणजे नुसते भांडार, जिथे काही इलेक्ट्रॉन ठेवलेले. ते बाजूला काढा. उरतो एकटा निकेलचा सपाट पट्टा, आणि त्याच्यापुरते गणित केले की अतिसंवाहकतेचा तापमान-आलेख बऱ्यापैकी जुळतो. युक्तिवाद ताकदीचा आहे. धुके-धुराच्या भाषेत सांगायचे तर हे लोक म्हणतात, धूर खराच होता, तुम्ही मधल्या धुक्यामुळे गोंधळलात. पुढे प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून केलेल्या मोजणीत निकेलच्या पट्ट्याची आकृती ताम्र-ऑक्साइडासारखीच दिसली, आणि तिच्या सोबतीला दुर्मीळ मृदेचा एक लहानसा कप्पाही. २०२१ साली चुंबकी लहरी मोजल्या गेल्या. शेजारच्या दोन निकेलमधली चुंबकी ओढ सुमारे ६४ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली, तांब्यात असते तिच्या साधारण निम्मी. निम्मी म्हणजे फार की थोडी? साम्यवाद्यांना ती भरपूर वाटली, भेदवाद्यांना अपुरी. (साम्यवादी हा शब्द इथे आम्ही राजकारणातला वापरत नाही, हे सांगून ठेवतो.)

पण 'पुनरुज्जीवन' या शब्दाला आमची हरकत आहे. एका पट्ट्यापुरते गणित जुळले, यावरून बाकीचे पट्टे निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांना बाजूला ठेवूनच गणित केले होते. भांडारातला माणूस स्वयंपाकात लुडबुड करत नाही हे सिद्ध करायचे असेल तर त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊन बघावे लागेल. दार लावून घेऊन नाही.

आता एका वेगळ्याच अडचणीकडे, आणि इथे आम्ही जरा थांबणार आहोत. हेत्वाभासांमध्ये एक आहे आश्रयासिद्ध. आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. व्याप्ती ठीक, हेतू ठीक, पण ज्याच्याबद्दल बोलतो ते आकाशकमळच नाही. २०२२ साली तीन गटांनी क्ष-किरणांच्या आधारे सांगितले की मूळ निकेलेटमध्ये विद्युतभाराची नियमित लाट आहे, दर तीन घरांनी पुन्हा येणारी. ताम्र-ऑक्साइडांतही भाराच्या लाटा असतात. झाले! आणखी एक साम्य म्हणून ते नोंदले गेले. नंतर पार्झिक आणि सहकाऱ्यांनी जास्त काळजीपूर्वक बनवलेल्या फिल्म तपासल्या. लाट नाही. मग आधी दिसले ते काय होते? ज्या फिल्ममधून ऑक्सिजन पूर्ण निघालाच नव्हता, तिथे उरलेले ऑक्सिजन दर तीन घरांनी ओळीत बसलेले होते. म्हणजे उतरंडीत विसरलेल्या मडक्यांची रांग. ज्या पदार्थाबद्दल विधान केले तो पदार्थ तिथे पुरता तयारच झालेला नव्हता.

हायड्रोजनचेही तसेच. २०२३ साली 'नेचर'मध्ये आले की कॅल्शियम हायड्राइडमधून फिल्ममध्ये शिरलेला हायड्रोजन अतिसंवाहकतेसाठी निर्णायक आहे. २०२४ मध्ये दुसऱ्या मोजण्यांनी दाखवले की फारसा हायड्रोजन नसतानाही अतिसंवाहकता येते. त्यातल्या कुणालाही आम्ही दोष देत नाही. विज्ञान असेच चालते, आणि दुरुस्ती दोन वर्षांत झाली हे कौतुकाचेच. आम्हाला खटकते ती घाई एवढीच, की साम्याच्या बाजूने येणारी प्रत्येक बातमी ताबडतोब खात्यावर जमा होते, आणि ती रद्द झाल्यावर वजाबाकी करायला कुणी येत नाही. भाराच्या लाटेचा उल्लेख 'ताम्र-ऑक्साइडांप्रमाणेच' या शब्दांसह करणारे आढावे अजून फिरत आहेत.

जुलै २०२३ मध्ये मात्र सगळा पटच उलटला. ग्वांगझौच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या मेंग वांग यांच्या गटाने दुहेरी थरांचे एक निकेलेट, लँथॅनम तीन, निकेल दोन, ऑक्सिजन सात, हिऱ्यांच्या चिमट्यात दाबले. १४ गिगापास्कलच्या वर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट दाबाखाली, ८० केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता. हिशेब करा. तीन लँथॅनमचे धन नऊ, सात ऑक्सिजनांचे ऋण चौदा, उरले धन पाच, दोन निकेलांत वाटले की प्रत्येकी अडीच. म्हणजे डी-कवचात नऊ इलेक्ट्रॉन नाहीतच. साडेसात. पंगतीत एका पाटाऐवजी अडीच पाट रिकामे.

आणि ऑक्सिजन? आधीच्या निकेलेटमध्ये निकेलच्या वरचा ऑक्सिजन काढून टाकला तेव्हा कुठे अतिसंवाहकता आली. इथे तोच ऑक्सिजन दोन थरांमधला पूल आहे. कमी दाबावर तो पूल जरा वाकलेला असतो, निकेल-ऑक्सिजन-निकेल हा कोन १६८ अंशांचा. दाबाखाली तो सरळ १८० अंशांचा होतो. निकेलचे उभे ऑर्बिटल, झेड-वर्ग म्हणतात ते, या पुलावरून एकमेकांशी हात मिळवतात. ताम्र-ऑक्साइडांच्या नेहमीच्या हकिगतीत या उभ्या ऑर्बिटलला जवळजवळ काम नाही. इथे बहुतेक सिद्धान्तांत तो मुख्य पात्र आहे.

म्हणजे बघा. नऊ इलेक्ट्रॉनांचे, ताम्र-ऑक्साइडाशी जवळचे नाते सांगणारे निकेलेट पहिल्या फेरीत १५ केल्व्हिनला थांबले. ज्याचे नाते दूरचे, ते ८० ला गेले. वीस वर्षे ज्या व्याप्तीवर शोध चालला, 'जिथे नऊ इलेक्ट्रॉनांचा सपाट चौकोन तिथे उंच तापमान', तिला हा सरळ व्यभिचार आहे. न्यायाच्या भाषेतला व्यभिचार, गैरसमज नको. यावर साम्याचा पक्ष म्हणेल, २०२५ साली सिंगापूरच्या अरियांडो यांच्या गटाने समेरियमच्या अनंतथर निकेलेटमध्ये ४० केल्व्हिनच्या जवळ मजल मारली, साध्या दाबावर. खरे आहे, आणि महत्त्वाचे आहे. पण त्याने पहिली व्याप्ती मजबूत होते, एकमेव होत नाही.

दुहेरी थराच्या निकेलेटमध्येही आश्रयाचा प्रश्न आलाच. सुरुवातीच्या नमुन्यांत अतिसंवाहक भाग फार थोडा असल्याचे काही मोजण्यांत निघाले. शिवाय २०२४ मध्ये कळले की याच रासायनिक सूत्राचे स्फटिक दोन तऱ्हांनी रचले जातात. एकात दुहेरी थर एकावर एक, दुसऱ्यात एकेरी आणि तिहेरी थर आलटून-पालटून. सूत्र तेच, घर वेगळे. तिहेरी थराच्या भावंडात, लँथॅनम चार, निकेल तीन, ऑक्सिजन दहा, दाबाखाली ३० केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता आली. २०२४ च्या अखेरीपासून दुहेरी थराच्या पातळ फिल्म साध्या दाबावर ४० केल्व्हिनच्या आसपास पोचू लागल्या. दाबाऐवजी खालच्या स्फटिकाने फिल्मला आडवे आवळायचे, ही युक्ती. दाब गेल्यामुळे आता इलेक्ट्रॉन-रचना थेट मोजता येते. हिऱ्यांच्या चिमट्यात ती मोजता येत नव्हती.

आणि मोजल्यावर मतभेद. उभ्या ऑर्बिटलचा पट्टा फर्मी पातळीला छेदतो का? काही गटांना तो छेदताना दिसला. काहींना तो पातळीच्या खालीच राहिलेला दिसला, आणि फिल्म तरी अतिसंवाहक. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण ती तशी नाही. पट्टा छेदत नसताना अतिसंवाहकता असेल, तर २०२३ नंतर लिहिलेले निम्मे सिद्धान्त पुन्हा मांडावे लागतील. आम्हाला या घडीला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा वाद, कारण यात 'सारखे' हा शब्द येत नाही. यात विचारले आहे ते एवढेच: ही गोष्ट काढली तर ती उरते का? यालाच आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणत आले आहेत.

आमची समीक्षा म्हणून एकच मागणी आहे. नव्या निकेलेटवर लिहिताना पहिल्या परिच्छेदात ताम्र-ऑक्साइडांची वंशावळ सांगण्याची पद्धत सोडावी, आणि त्या जागी एक तक्ता द्यावा: तांब्यात हजर असलेल्यांपैकी इथे कोण गैरहजर आहे. चुंबकी रचना गैरहजर. विद्युतरोधक अवस्था गैरहजर. ऑक्सिजनशी दाट मिसळण अर्धवट. दुहेरी थरात नववा इलेक्ट्रॉनही गैरहजर. एवढे पाहुणे न येताही लग्न लागत असेल, तर नवरदेव उरलेल्यांतच कुठेतरी आहे, किंवा या दोन वराती दोन वेगळ्या लग्नांच्या आहेत. दुसरी शक्यता फार कमी लोक मोठ्याने बोलतात. ती खरी निघाली तर निकेलने तांब्याबद्दल काहीच सांगितले नाही असे होईल, आणि अनुदानाच्या अर्जांत ते वाक्य चांगले दिसत नाही.

येत्या वर्षात या फिल्मवरच्या मोजण्या वाढतील. उभ्या ऑर्बिटलचा तो पट्टा वर की खाली, याचा निकाल स्वच्छ नमुन्यावर लागला की आपण पुन्हा बसू. आता प्रश्न घेऊ या.